कायमस्वरूपी संग्रहाचं कपाट

गावाचा इतिहास गॅरेजवाल्याच्या पाठीखाली होता!

झालं असं, की सुट्टीच्या पहिल्याच सकाळी सायकलचं पंक्चर काढायला तिघं गॅरेजात गेली. मोटारीखालून आधी दोन पाय बाहेर आले, मग एक पोट आलं आणि शेवटी गॅरेजवाला ज्याच्यावर निजला होता तो पुठ्ठा आला. ऑइलच्या डागांमधून अक्षरं डोकावत होती : 'हॅलो, कोण बोलतंय? आपल्या टेलिफोन एक्स्चेंजचा इतिहास.'

"अहो काका, हा आमचा प्रकल्प आहे!" चिमटी किंचाळली.

"असेल. आता माझी गादी आहे," गॅरेजवाला शांतपणे म्हणाला. "भंगारवाल्याकडून आणली. बरी आहे. फक्त इथे एक फोटो चिकटवलाय, त्याचा कोपरा टोचतो."

"ती माझी आत्या आहे!"

"मग आत्याला सांग, कोपरा टोचतो."

चिमटीला चिमटी म्हणायचे, कारण तिचं प्रत्येक वाक्य चिमटा काढूनच जायचं. तिचा मित्र भोपळा काडीसारखा बारीक होता. नाव ठेवणारा विनोदी असावा. आणि भोपळ्याची धाकटी बहीण कर्णा कुजबुजली तरी पुढच्या गल्लीतली कुत्री भुंकायची.

या तिघांनी गावाच्या इतिहास मंडळाच्या विद्यार्थी स्पर्धेसाठी अख्खं सत्र उन्हातान्हात घालवलं होतं. दारोदार जाऊन जुन्या माणसांच्या आठवणी टिपल्या होत्या. चिमटीची आत्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. पूर आला तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं तरी तिनं खुर्ची सोडली नव्हती. डॉक्टर, होडीवाले, शाळा, सगळ्यांना फोन जोडत बसली होती. तेव्हा कानावर होता तो काळा हेडफोन तिनं प्रदर्शनासाठी दिला होता. "हा माझा दुसरा कान आहे," ती म्हणाली होती. "तुझ्या भरवशावर देतेय. परत आण."

"आणणारच!" चिमटीनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

मंडळानंही सांगितलं होतं, की सर्व प्रकल्प कायमस्वरूपी संग्रहात जपले जातील आणि वस्तू साभार परत मिळतील. कालच निकाल आला होता. दुसरा क्रमांक! शेरा होता, 'मांडणी उत्कृष्ट'.

"उत्कृष्ट मांडणी मोटारीखाली कशी आली?" भोपळ्यानं विचारलं.

तिघं धावत भंगारवाल्याकडे गेली. तो तराजूत रद्दी चढवत होता.

"मागच्या रविवारी उचलला सगळा माल," तो म्हणाला. "मंडळाला हॉल भाड्यानं द्यायचा होता. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, जागा मोकळी कर."

"पण परीक्षक तर सोमवारी बसले होते!" कर्णा ओरडली. तराजू हलला.

"म्हणजे समोर काही नसतानाच..." भोपळ्याचा आ वासला. "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!"

चिमटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिला आधी दुसरंच आठवलं. "काका, एक हेडफोन होता. काळा. मोडला तर नाहीत ना?"

"मी कागद-पुठ्ठाच नेला. बाकीच्या वस्तू कपाटात कोंबताना बघितल्या."

मंडळाच्या कार्यालयात सेक्रेटरी काचेच्या टेबलामागे बसले होते. कपाट त्यांच्या पाठीशी होतं आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

"सर, माझ्या आत्याचा हेडफोन द्या ना."

"तो कायमस्वरूपी संग्रहात आहे."

"मग कपाट उघडा की!"

"बाळ, संग्रह असे येता-जाता उघडत नाहीत. धूळ बसते."

"आमचा पुठ्ठा गॅरेजात आहे, त्याच्यावर ऑइल बसलंय!"

"काय ही मुलांची कल्पनाशक्ती!" सेक्रेटरी कौतुकानं हसले. "वस्तू दिल्याची पावती आहे का? नाही ना? मग पळा. रविवारी बक्षीस घ्यायला या. केस विंचरून."

पावती नव्हती. मोठ्या माणसांचा शब्द पुरेसा असतो, हे मोठ्या माणसांनीच शिकवलं होतं.

घरी बाबा म्हणाले, "बक्षीस मिळालंय ना? मग गुपचूप घ्या!"

"न वाचता दिलेलं बक्षीस म्हणजे न जेवता दिलेली ढेकर!" चिमटी फणकारली. तेवढ्यात आत्याचा फोन आला. "काय गं, माझा कान कधी येतोय?" चिमटीनं "येतोय, येतोय" म्हणून फोन ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"रडू नकोस," भोपळा म्हणाला. "कपाट आपल्यासाठी उघडणार नाहीत. पण रविवारी पाहुण्यांसमोर...?"

चिमटीनं डोळे पुसले. "कर्णे, घसा सांभाळ. दोन दिवस बोलू नकोस."

"बरं!" कर्णा म्हणाली. शेजारी दचकले.

रविवारी हॉल खच्चून भरला होता. प्रमुख पाहुण्या म्हणून निवृत्त न्यायाधीशबाई आल्या होत्या. "मुलांचा एकेक कागद आम्ही सोन्यासारखा जपतो," असं सेक्रेटरी माइकवरून सांगत होते. "परीक्षकांमध्ये मी स्वतः होतो. अक्षर न् अक्षर वाचलं!"

दुसऱ्या क्रमांकाला बोलावल्यावर चिमटी मंचावर गेली. केस विंचरलेले होते. तिनं गोड आवाजात माइकमध्ये विचारलं, "सर, आमच्या प्रकल्पातलं तुम्हाला सगळ्यात काय आवडलं?"

सेक्रेटरींनी क्षणभर छताकडे पाहिलं. "तो... तो घोड्यांचा प्रसंग! अंगावर काटा आला!"

"सर, आमचा प्रकल्प टेलिफोनवर आहे."

हॉल खदखदून हसला. सेक्रेटरींनी पटकन माइक बंद केला. "वेळ झाला, पुढचं बक्षीस..."

"कपाट उघडा!" मागच्या रांगेतून कर्णा गरजली. दोन दिवसांचा साठवलेला आवाज होता. खिडक्यांची तावदानं थरथरली. "सगळे प्रकल्प त्यात आहेत ना? मग उघडा!"

"उघडा! उघडा!" बाकीची मुलंही ओरडू लागली. त्यांचेही प्रकल्प होतेच की.

न्यायाधीशबाई उठल्या आणि शेजारच्या कार्यालयातल्या कपाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "उघडाच. माझ्याही अंगावर काटा येऊ दे."

कपाट उघडलं. आत बॅडमिंटनचं जाळं होतं, सुकलेल्या रंगाचे डबे होते, एक मोडकी छत्री होती आणि सतरंजीची वळकटी होती. वळकटी काळ्या वायरीनं करकचून बांधलेली होती आणि वायरीच्या टोकाला आत्याचा हेडफोन लोंबत होता.

चिमटीनं खाली बसून दातांनी गाठ सोडवली.

"पूर आला तेव्हा याच्यातून लोकांनी मदत मागितली होती," ती म्हणाली. "आणि तुम्ही यानं सतरंजी बांधलीत, सगळ्यांचे कागद भंगारवाल्याला दिलेत! आम्ही लिहिलेलं वाचायचंच नव्हतं, तर लिहायला कशाला सांगितलंत?"

सेक्रेटरी सतरंजी पुन्हा कपाटात ढकलू लागले.

"उत्तर द्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या. सेक्रेटरींनी छत्रीची मूठ पुसायला घेतली. मग त्यांनी निकाल दिला. "बक्षीस समारंभ तहकूब. भंगारवाल्याकडून उरलंसुरलं आणा. परीक्षकांनी याच सतरंजीवर बसायचं आणि प्रत्येक प्रकल्प मोठ्यानं वाचायचा. मुलं समोर बसतील. कुणी पान गाळलं तर..." त्यांनी कर्णाकडे पाहिलं. "ही सांगेल."

वाचन दिवे लागेपर्यंत चाललं. सेक्रेटरींचा घसा बसला. खऱ्या निकालात एक्स्चेंज तिसरं आलं. पहिला आलेला विहिरींचा प्रकल्प खरोखरच सरस होता आणि टाळ्या वाजवून चिमटीचे तळवे लाल झाले.

"आयुष्यभर मी साक्षीदार तपासले," निघताना न्यायाधीशबाई म्हणाल्या, "पण एकाच प्रश्नात असा उलगडा मला कधी जमला नाही. शाबास, पोरांनो!"

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी माफी मागायला आत्याच्या दारात उभे राहिले. आत्या आत खुर्चीवर बसली होती. तिनं हेडफोन पुसून कानावर चढवला होता आणि तिघं तिच्या पायाशी बसून एकदमच सगळं सांगत होती.

"ताई, मी जरा..." बसलेल्या घशातून सेक्रेटरी पुटपुटले.

आत्यानं मान न वळवता एक बोट वर केलं.

"लाइन बिझी आहे. थांबा," ती म्हणाली आणि मुलांकडे वळली. "हं, बोला. कपाट उघडलं. पुढे?"