रस्ता व्हायच्या आधीचा आवाज

नदी जुना रस्ता खात चालली होती. दर वर्षी दोन-तीन हात काठ पाण्यात जायचा. शेवटी तो रस्ता तिथून उचलून पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी न्यायचं ठरलं. कागदावर आखणी झाली, शेतांतून तांबड्या खुंट्या ठोकल्या गेल्या, आणि मग नियमाप्रमाणे एक काम उरलं. आज त्या जागी आवाज किती आहे ते मोजायचं, म्हणजे उद्या बांधकाम सुरू झाल्यावर आणि परवा गाड्या धावू लागल्यावर तो किती वाढेल ते सांगता येईल. हे मोजायला तिला पाठवलं.

ऑफिसात तिला सगळे कानताई म्हणत. बंद खोलीत बसून, बाहेरून गेलेला ट्रक भरलेला होता की रिकामा, हे ती न बघता सांगायची. चाळिशीची, मोजकं बोलणारी बाई. गाडीवर जे काका असायचे त्यांची अडचण नेमकी उलटी. मोजणी सुरू झाली की आसपास पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही, आणि ती पंधरा मिनिटं काकांना दाढ दुखल्यासारखी जायची. एकदा ते मध्येच शिंकले, तर तिने वहीत ‘दोन वाजून दहा मिनिटे – काका’ अशी नोंद केली होती. ही गोष्ट ते भेटेल त्याला अभिमानाने सांगत.

नव्या आखणीच्या सगळ्यांत जवळ एक घर होतं. तिथे एकटी मावशी राहायची, कपडे शिवायची. घराच्या मागच्या दारातून वीस पावलांवर खुंट्या, आणि खुंट्यांना लागूनच डोंगराचा चढ. कानताईने तिथे तिवई उभी केली, मीटर बसवलं, माइकवर स्पंजाची टोपी चढवली. ते आता चोवीस तास तिथेच राहणार होतं.

“हे काय, आमचं बोलणं ऐकणार?” मावशीने विचारलं.

“मोठा आवाज झाला तरच रेकॉर्ड करतं ते. तुमच्या मशीनची खडखड येईल फार तर.”

“मग येऊ दे. तेवढाच आवाज आहे या घरात.” मावशी हसली, आणि दोघांना चहा पाजल्याशिवाय तिने सोडलं नाही.

साडेबाराला ते तिथून निघाले. दुपारी पुढची मोजणी बारा किलोमीटरवरच्या शाळेपाशी होती. दुसऱ्या दिवशी येऊन मीटर काढलं, मावशीचा निरोप घेतला, संपलं.

ऑफिसात बसून कानताईने आलेख उघडला. रात्रभर सपाट रेघ. पहाटे पाखरांची किलबिल, सकाळी कुत्रं, मग शिलाईचं मशीन. आणि आदल्या दुपारी दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी एक सुळका. एक्याण्णव डेसिबल.

एक्याण्णव? तिथे? तिने हेडफोन लावला.

आधी घरघर. पोकलेनची. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. दगडावर दात घासत ते मशीन काम करत होतं. मागे येणाऱ्या डंपरची टींटीं, कुणाची तरी शिट्टी. हे कसं होईल? तिथे अजून फावडंसुद्धा लागलेलं नव्हतं. मग वरून खडे घरंगळल्याचा बारीक आवाज आला, आणि त्यापाठोपाठ, अगदी माइकजवळून...

“ताई! मागे! मागे सरा, ताई!”

काकांचा आवाज होता.

मग डोंगर बोलल्यासारखी एक खोल गडगड. त्या गडगडीत एका बाईची किंकाळी, आणि ती मधेच चिरडल्यासारखी तुटली. मग काहीच नाही. आणि दहाएक सेकंदांनी मावशीच्या मशीनची खडखड, जशी आधी होती तशी.

कानताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिने वही उघडली. काल दुपारी अडीच ते पावणेतीन ती शाळेच्या फाटकाशी उभी होती. पावणेतीनला मोजणी संपली तेव्हा काका शेजारीच होते, पाणी पीत. दोन सत्तेचाळीसला ते तिला आपल्या मेव्हण्याच्या लग्नातली भांडणं सांगत होते.

तिने मावशीला फोन लावला. “काल दुपारी मागे कुणी काम करत होतं का?”

“कसलं काम? मी मशीनवर होते, दार उघडं होतं. चिमणीसुद्धा नव्हती मागे. का गं?”

साहेबांना तिने ते रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी अर्धंच ऐकलं. “जुन्या कुठल्या तरी साइटचं मिसळलं असणार. काढून टाक तेवढा भाग.”

तिने काढून टाकला. ‘उपकरणात तात्पुरता बिघाड’ असं लिहिलं. अहवाल मंजूर झाला. ती फाइल मात्र तिने पुसली नाही. फोनमध्ये ठेवली आणि पुन्हा ऐकली नाही.

आठ महिन्यांनी त्या कामावरून तक्रार आली. डोंगर कापणं सुरू झालं होतं आणि मावशीच्या घराच्या भिंती हादरत होत्या. बांधकामाचा आवाज मोजून यायला हवं होतं.

“मी जाणार नाही,” कानताई म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. वीस वर्षांत ती असं कधी म्हणाली नव्हती. “ठीक आहे. ती नवीन मुलगी जाईल मग. काका नेतील तिला.”

नवीन मुलगी महिन्यापूर्वीच लागली होती. काका तिलाही ताईच म्हणत. काका सगळ्यांनाच ताई म्हणत.

कानताई जागेवर जाऊन बसली, आणि तिला समजेना की ती किंकाळी आपली होती असं आपण कशावरून धरून चाललो. आपण किंकाळी अशी कधी फोडली होती आयुष्यात? ऐकली तर ओळखू येईल का?

दुपारी तिने काकांना गाडीतळावर गाठलं. काचा वर केल्या आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. ऐकता ऐकता काकांच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं.

“हा मी?” ते हळूच म्हणाले. “माझा आवाज इतका चिरका आहे?”

“काका, हे आठ महिन्यांपूर्वीचं आहे. काम सुरू व्हायच्या आधीचं.”

काकांनी फोन हातात घेऊन तेवढंच पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, “मी काय सांगतोय त्यात? मागे सरा म्हणतोय ना? मग सरा की मागे. एवढं ओरडून सांगतोय माणूस.”

तिला हसू आलं आणि रडूही. “मुलीला पाठवायचं नाही. आपण दोघं जाऊ.”

ते गेले. डोंगर ओळखू येत नव्हता. पायथ्यापासून तीन पुरुष उंच कापून काढलेला, ताज्या जखमेसारखा लाल. खाली पोकलेन, दोन डंपर, शिट्टी घेतलेला मुकादम आणि त्याची माणसं. तिवई तक्रारीच्या नियमाप्रमाणे पूर्वीच्याच जागी लावावी लागली, मावशीचं मागचं दार आणि कापलेला उतार यांच्या मधोमध. मीटर लावताना कानताईने मान वर केली नाही. मावशीने दारातून हात हलवला. “आलीस? बघ गं, काय हाल केलेत माझे!”

सव्वादोनला ती मुकादमाकडे गेली. “अडीच ते तीन मशीन बंद लागेल. माणसंही लांब न्या, पार पुलापाशी. मशीन नसताना इथे आवाज किती असतो ते मोजायचंय.”

“अर्धा तास? ताई, माझं डोकं फोडतील वरचे.”

“नियम आहे,” ती म्हणाली. असा नियम नव्हता. वीस वर्षांत ती पहिल्यांदाच कुणाच्या तोंडावर खोटं बोलली, आणि आवाज जराही हलला नाही.

अडीचला मशीन बंद झालं. अकरा माणसं पुलाच्या सावलीत जाऊन बसली. मावशीला तिने पुढच्या खोलीत थांबायला सांगितलं. आणि ती आणि काका शंभर पावलं मागे, गाडीला पाठ टेकून उभे राहिले. लख्ख ऊन होतं. इतकी शांतता की बंद मशीनचं लोखंड गार होताना टिकटिकत होतं ते ऐकू येई.

दोन चाळीस.

“ताई...”

“काही बोलू नका, काका.”

दोन पंचेचाळीस. काकांनी तळहाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. आपल्याही नकळत ओरडू की काय, अशी भीती त्यांच्या डोळ्यांत होती. तिने त्यांचा दुसरा हात घट्ट धरला.

दोन सत्तेचाळीसला खडे घरंगळले. बारीक, मूठभर. आणि मग सगळा उतार, झाडाझुडपांसकट, एका अंगाने खाली बसला. गडगड जमिनीतून त्यांच्या पावलांत आली. तिवई गेली. मीटर गेलं. पोकलेन अर्धं गाडलं गेलं. धुळीचा लोट उठला आणि वाऱ्याने नदीकडे वळला. त्यांच्यापर्यंत पोचलासुद्धा नाही.

दोघांपैकी कुणीही ओरडलं नव्हतं.

पुलाकडून मुकादम धावत आला. माणसं मोजली. अकरा. पुन्हा मोजली. अकरा. मग तो मोठा दांडगा माणूस काकांच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागला. “मशीन बंद नसतं तर... ताई, तुमचा तो नियम...” कुणी हसत होतं, कुणी घरी फोन करत होतं. ढिगाऱ्याकडे कुणी जाऊ नये म्हणून दोर बांधला गेला. कानताईच्या छातीवरून आठ महिन्यांचा दगड उतरला होता. ती खाली बसली आणि पोटभर हसली.

मग कुणीतरी म्हणालं, मावशी दार उघडत नाहीये.

घराला काही झालं नव्हतं. माती मागच्या पायरीच्या आधीच थांबली होती. ते दोघं पुढच्या दाराशी गेले.

“मावशी, मी आहे. आवाज मोजणारी. सगळे सुखरूप आहेत, घाबरू नका.”

आत हुंदका अडकल्याचा आवाज आला. मग खिडकीचं एक दार बोटभर उघडलं. फटीत मावशीचा डोळा दिसला. तो आधी तिच्यावर थांबला, मग काकांवर, मग पुन्हा तिच्यावर.

“मी पुढच्या खोलीत नाही बसले,” मावशी कुजबुजली. “मागच्या दारात होते... तुमच्याकडे बघत.”

“आम्ही तिकडे लांब होतो, मावशी. गाडीपाशी.”

“तुम्ही तिथे होतात. त्या काठीजवळ, दोघं. मशीन चालू होतं. हे ओरडले... तू वर बघितलंस. मग तू किंचाळलीस, आणि...” फटीतला डोळा कानताईच्या हातांवर गेला. “मी तुझा हात बघितला गं. मातीतून वर आलेला. बोटं हलत होती. मी पायरीवरून उतरले, तोवर ती थांबली.”

“मावशी, माझ्याकडे बघा. मी इथे आहे. मला काही झालेलं नाही.”

मावशी बघत राहिली. त्या डोळ्यात ओळख होती आणि ओळखीमुळेच भीती होती.

“मग तू कोण आहेस?” ती म्हणाली.

खिडकी बंद झाली. आतून कडी लागली. मग काहीतरी जड, बहुधा शिलाईचं मशीन, ओढत आणून दाराला लावल्याचा आवाज आला.

परतीच्या वाटेवर काका दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गाडी चालवत होते. तिने एकदा विचारलं, “काका, आपण गाडीपाशीच होतो ना?”

“हो ताई,” काका म्हणाले. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाले, “होतो की.”

घरी पोचली तेव्हा दिवस मावळायचा होता. तिची आई स्वयंपाकघरात होती. आईला ऐकू कमी यायचं, म्हणून ती मोठ्याने बोलायची. आज तो मोठा, जिवंत आवाज कानांवर पडल्यावर कानताईला बरं वाटलं. ती पाटावर बसली. आईने ताट पुढे ठेवलं आणि मध्येच थांबली.

“आधी हात धू बाई! कुठे खणत होतीस?”

तिने हात पुढे धरले. दिवसभर तिने मातीला हातही लावला नव्हता. मीटर, वही, फोन, बस्स. तळहात स्वच्छ होते, मनगटं स्वच्छ होती. पण दहाही नखांखाली ओली लाल माती भरली होती. अगदी आतपर्यंत, घट्ट ठासून, आणि दोन नखं मुळापासून उलटली होती. तोवर तिला दुखलंही नव्हतं. आता ती नखं एकदम ठणकू लागली.

फोन वाजला. काका होते.

“ताई... पोचलात ना घरी?”

“पोचले.”

पलीकडे काका खोकले. मागे काकांच्या बायकोचा आवाज येत होता. ती मुलांना म्हणत होती, बाबांजवळ जाऊ नका, इकडे या, इकडे.

“ताई,” काका म्हणाले, “मी मघापासून खोकतोय... माझ्या तोंडातून माती पडतेय. संपतच नाहीये हो.”