केसभर मागे

या, असे जवळ येऊन बसा. पंखा त्या बाजूला आहे खरा, पण गोष्ट या बाजूला आहे. मी काही कीर्तनकार नाही बरं का. मी समोर बसून मान डोलावणारा माणूस. बुवांनी नामाचा गजर सुरू करायच्या आत माझे हात टाळीला वर गेलेले असतात. पण आज मला सांगू द्या. या गोष्टीत देव आहे की आणखी काही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी जयवंतराव. बडोद्यात अग्निशमन दलाच्या वर्कशॉपात फोरमन. आमचे पणजोबा सरकारांच्या पागेवर होते. त्यांनी घोडे सांभाळले, मी बंब सांभाळतो. अकोट्याच्या पुलाच्या अलीकडे आमची पत्र्याची शेड आहे. डिझेल, ओले होज-पाइप आणि फिटर रतिलालभाईंचा आल्याचा चहा, हे तीन वास तिथे कायम. काम ऐकायला सोपं: गाडी तयार ठेवायची. पण आमच्या गाड्या जुन्या, त्यांचे पंप बनवणाऱ्या कंपन्या कधीच बंद पडलेल्या. एखादा सील, एखादा व्हॉल्व्ह शोधायला मी करजणच्या भंगारवाल्यांपासून वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत वणवण केली आहे. आणि या वणवणीत बहुतेक वेळा माझ्याबरोबर असायचा तो विश्वंभर.

विश्वंभरचं वाघोडियाला सुट्ट्या भागांचं दुकान. दर एकादशीला आमच्या देवळात कीर्तन असतं, तिथे तो पेटीवर. त्याच्या शेजारी झांज घेऊन बसायचा वसंत. वसंत आमच्या दलातला, पंपावरचा माणूस. आग विझवायला बाकीचे आत जातात. पंपावरचा माणूस बाहेर उभा राहतो, पण आत गेलेल्यांचं पाणी त्याच्या हातात असतं.

या वसंताची झांज नेहमी केसभर मागे यायची. ठेका पडून जायचा, बुवा पुढच्या शब्दाला लागायचे, आणि मग पंगत उठल्यावर पाहुणा यावा तशी याची झांज. विश्वंभर पेटीवरची नजर न काढता ओरडायचा, "वश्या, मागे पडतोस रे!"

"मी मागे आहे म्हणून तू पुढे दिसतोस," वसंत म्हणायचा, आणि सगळं देऊळ हसायचं. बुवासुद्धा.

मग करजणजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाला आग लागली. आमची गाडी मदतीला गेली. दोघे जण होज घेऊन आत, वसंत पंपावर. ऐन वेळी पंपाचं बाहेरचं कवच, आम्ही त्याला केसिंग म्हणतो, ते तडकलं. दाब गेला. आत पाणी पोचेना. वसंत पंप सोडून धावला, त्या दोघांना दारातून बाहेर ढकललं, आणि छप्पर त्याच्यावर आलं.

आमच्या वर्कशॉपात एक रीत आहे. कुणी घालून दिली ठाऊक नाही. ज्या पंपानं दगा देऊन माणूस घेतला, तो पुन्हा गाडीवर चढवायचा नाही. दुरुस्त होण्यासारखा असला तरी नाही. तो वितळवायचा. वसंताची गाडी भंगारात निघाली तेव्हा विश्वंभरनंच ती लिलावात घेतली आणि सगळ्यांदेखत विठोबाच्या पायांवर हात ठेवला. म्हणाला, "जयवंता, मी स्वतः उभा राहून तो पंप वितळवतो. चांगली गनमेटल आहे, काशाच्या जातीची. तिची घंटा करू. वश्याची घंटा."

घंटा आली. सभामंडपात टांगली. वसंताची बायको पद्मावहिनी ती चिंच लावून घासायची, आणि रोज सकाळचा पहिला टोल तिचा. टोल दिला की कितीतरी वेळ तळहात घंटेवर ठेवून उभी राहायची. मला त्या घंटेचा आवाज जरा कोरडा वाटायचा. मी मनाला सांगायचो, दुःखाचा आवाज असाच असेल.

हा झाला पूर्वरंग. आता पुढे ऐका.

वसंताची मुलगी भक्ती मोठी झाली आणि दलात भरती झाली. परेड, शिडी, दोर, सगळ्यांत पुढे. साहेबांनी विचारलं, कुठे काम करणार? म्हणाली, पंपावर. वहिनी माझ्याकडे आली. फार बोलली नाही. "भावजी, तिच्या गाडीकडे तुम्ही बघाल ना?" एवढंच. मी हो म्हटलं. त्या 'हो'पेक्षा मोठी जबाबदारी माझ्यावर दुसरी कुठली नव्हती.

भक्तीच्या गाडीचा पंप झिजलेला होता. त्या बनावटीचा नवा पंप देशभर शोधून मिळेना. मिळवला कुणी? विश्वंभरनं. कुठल्याशा बंद गोदामात पडून राहिलेला, कोरा, ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळलेला. लालभडक रंग, कंपनीच्या नावाची झळझळीत पट्टी. सोबत बटाट्याच्या लिल्या चेवड्याचा पुडा. "वश्याच्या पोरीसाठी आणला," म्हणाला, आणि डोळे पुसले. मीही पुसले. रंग खरवडून पाहायचं माझ्या मनातही आलं नाही. पेटीवर ज्या बोटांनी आपल्याला इतकी वर्षं रडवलं, त्या बोटांनी आणलेली वस्तू कोण खरवडतं?

पंप बसवला, दाबाची चाचणी झाली, पास झाला. खंडेनवमी आली. आमच्या घरांतून त्या दिवशी तलवारी पुजतात. दलात आम्ही कुऱ्हाडी, आकडे, नोझल पुजतो, आणि पंपावरचा माणूस आपल्या पंपाच्या चाकाला नाडाछडी बांधतो. लाल-पिवळा दोरा. भक्तीनं बांधला, नमस्कार केला आणि पूजेचं पाणी सोडायला पंप सुरू केला.

पाण्याची कमान उठली. टाळ्या वाजल्या. आणि त्या घरघरीच्या पोटातून मला एक आवाज ऐकू आला.

किण्ण.

धातूवर धातू. बारीक, पण स्वच्छ. थोड्या वेळानं पुन्हा.

"बेअरिंग बोलतंय," मी रतिलालभाईंना म्हटलं.

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर नळी लावतो तशी. "बेअरिंग तर मख्खन छे, साहेब."

दुसऱ्या दिवशी आम्ही शाफ्ट तपासला. सरळ. आतलं फिरतं चाक तपासलं. गुळगुळीत. नळीत हवा शिरते का पाहिलं. नाही. सगळं पुन्हा बसवून सुरू केलं की किण्ण. इंजिनाची गती वाढवली तरी आवाजाची वाढत नव्हती. यंत्रातला आवाज यंत्राबरोबर पळतो. हा आपल्याच चालीनं चालत होता.

भक्ती चाकावर हात ठेवून ऐकत उभी राहायची. "काका, वाईट नाही वाटत हा. ओळखीचा वाटतो."

माझ्या बोटांनी त्या आवाजाला मांडीवर ठेका धरला होता, तो सोडला.

साहेब वैतागले. दिवाळी तोंडावर. फटाक्यांचे दिवस, एकेक गाडी हवी. "जयवंतभाई, प्रेशर बरोबर आहे ना? मग? आवाजासाठी गाडी उभी ठेवायची? बस वाजते, रिक्षा वाजते, तुमचा बंब वाजला तर काय!"

"दोन दिवस द्या, साहेब."

"आणि दोन दिवसांत कुठे लागली तर?"

भक्तीही माझ्यावर चिडली होती. तिला गाडी रस्त्यावर हवी होती. "पप्पांच्या वेळी तुम्ही इतकं बघितलं असतंत तर," असं काहीतरी ती बोलून गेली, आणि लगेच माझा हात धरून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर चाकावरची नाडाछडी काळी पडली होती. जळलेली. गाठ तशीच, दोरा कोळसा. चाक मात्र गार, रंगाला धग लागलेली नव्हती. गाडीची किल्ली माझ्या खिशात होती.

रतिलालभाईंनी तो दोरा पाहिला आणि त्या दिवशी चहा केला नाही.

मी पंप उतरवला. पाणी काढलं, पुसला, शेडमधल्या लाकडी टेबलावर ठेवला. आता याला ना इंजिन, ना पाणी. नुसता धातूचा गोळा. दुपारची सुट्टी झाली. आम्ही डबे उघडले. बाहेर रखरखीत ऊन, पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज. भक्तीनं लोणचं वाढायला हात पुढे केला.

किण्ण.

तिचा हात तसाच राहिला.

"ऊंदर हशे," रतिलालभाई म्हणाले. उंदीर असेल म्हणे.

मी उठून पंपावर तळहात ठेवला. तो कोमट होता. मघाशी कोरड्या फडक्यानं पुसलेल्या तोंडातून पाण्याचा एक थेंब आला, टेबलावर पडला, आणि त्याला जळक्या कापसाचा वास होता.

मी विश्वंभरला फोन केला. म्हटलं, तुझा पंप वाजतोय, ये जरा, तुझा कान चांगला. तो आला. हसतमुख, कपाळाला बुक्का, हातात चेवडा. "काय रे, कोऱ्या पंपाला काय धाड भरली?"

"ऐक."

तो स्टुलावर बसला. भक्ती भिंतीला टेकून उभी होती. शेडमध्ये एवढी शांतता की होजमधून ठिबकणारं पाणी ऐकू यावं. विश्वंभरला शांतता सोसत नाही. त्याची बोटं टेबलाच्या कडेवर सवयीनं फिरू लागली, पेटीच्या पट्ट्यांवर फिरतात तशी. ओठांत गजराची चाल. पायानं ठेका.

ठेका पडला. आणि केसभर मागून पंपातून आलं,

किण्ण.

पुन्हा ठेका. पुन्हा मागून.

विश्वंभरनं मान वर केली नाही. बोटांवरची नजर काढली नाही. सवयीनं, अगदी घरच्यासारखं त्याच्या तोंडून गेलं,

"वश्या, मागे पडतोस रे!"

मग त्याची बोटं थांबली.

भक्तीचा श्वास मला ऐकू आला. विश्वंभरचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो टेबलापासून मागे सरकला, स्टूल पडलं. कानस रतिलालभाईंनी आणून दिली. मी मागितली नव्हती. मी केसिंगवरचा लाल रंग खरवडला. खाली भराव दिसला. वाकडीतिकडी भेग, वरपासून खालपर्यंत, वितळवून भरलेली, घासून गुळगुळीत केलेली. ती भेग मी ओळखतो. जिनिंगच्या राखेत बसून मी तिच्यावरून बोट फिरवलेलं आहे.

"विशू," मी म्हटलं, "तू तर विठोबाच्या पायांवर..."

"चांगली होती रे ती गनमेटल. वितळवायला जीव होईना." तो जमिनीशी बोलत होता. "भेग भरून घेतली. पाण्याखाली तपासली. टिकली असती."

"आणि घंटा?"

तो पडलेलं स्टूल सरळ करू लागला.

भक्ती पुढे आली. "विशूकाका, आई रोज सकाळी हात ठेवते त्या घंटेवर. ती घंटा कशाची?"

"बाजारातली," तो म्हणाला. "तयार मिळाली."

तिनं त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. चेवड्याचा पुडा उचलला आणि त्याच्या हातात परत दिला. तो गेला. त्यानंतर पंप वाजला नाही.

पंप रतिलालभाईंनी आणि मी घणानं फोडला. भट्टीशी मी उभा राहिलो, शेवटचा तुकडा लाल होऊन खाली बसेपर्यंत. भक्तीची गाडी दिवाळीभर उभी राहिली. साहेब माझ्याशी बोलत नव्हते, बोलले नाहीत तरी चालेल. पुढे दुसरा पंप मिळाला. या वेळी मी तो इंच इंच खरवडून पाहिला. आता मी सगळंच खरवडून पाहतो. देवळात शेजारी बसलेला माणूससुद्धा. विश्वंभरनं माझं काय नेलं ते हे. क्षमा करावी असं बुवा गोड गळ्यानं सांगतात. माझी मान डोलते. मन डोलत नाही. पेटीवर आता दुसरा कुणी बसतो. विश्वंभर, म्हणतात, घरीसुद्धा पेटी वाजवत नाही. भाता दाबला की थांबून काहीतरी ऐकतो आणि मिटून ठेवतो.

त्या वितळलेल्या पंपाची नवी घंटा झाली. एकादशीला, कीर्तनाच्या आधी, जुनीच्या जागी टांगली. पद्मावहिनीला आम्ही सगळं सांगितलं होतं. ती पुढे झाली, पदर सावरला आणि टोल दिला.

मी अगदी जवळ होतो. लोलक धातूला लागलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

आवाज आला नाही.

वहिनीचा हात दोरीवर तसाच. आणि मग, केसभर मागून, तो आला.

कारागीर येऊन पाहून गेला. घंटेत खोट नाही म्हणाला. आजही ती तशीच वाजते.

तेव्हा मंडळी, कधी आमच्या देवळात आलात तर टोल देऊन लगेच वळू नका. तेवढं थांबा. त्या रिकाम्या क्षणात वसंताची आठवण काढा. आणि आवाज येईपर्यंत घंटेकडे पाठ करू नका. आम्ही कुणी करत नाही.