पाच गोळ्यांची रायफल

ते अस्वल मारायला आम्ही निघालो, कारण ते मीच अर्धवट सोडलं होतं. आमच्या उत्तर होक्काइडोतल्या शिकाऱ्यांमध्ये याबाबत वाद नसतो. ज्यानं जनावर जखमी केलं, त्यानंच ते संपवायचं.

नोव्हेंबरात माझ्या गोठ्यामागे चाऱ्याच्या ढिगाशी ते आलं होतं. मी छर्ऱ्याच्या बंदुकीत जड गोळी भरली आणि झाडली. अंतर नव्वद पावलं! त्या बंदुकीचा भरवसा पन्नास पावलांपर्यंत, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी झाडली. गोळी पुढच्या डाव्या पायाला लागली आणि अस्वल रक्त सांडत बांबूच्या झुडपांत पसार झालं. बारा दिवस आम्ही माग काढला आणि तेराव्या दिवशी त्यानं शेजारच्या कियो-सानना त्यांच्याच गवताच्या कोठारामागे फाडलं. अंत्यविधीला त्यांचे यजमान मात्सुझो-सान माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. कसे बघतील?

आमच्याकडे छर्ऱ्याची बंदूक दहा वर्षं नीट सांभाळल्याशिवाय रायफल मिळत नाही. माझी दहा वर्षं डिसेंबरात भरली. जानेवारीत मी आणि नुकादा-सान असाहिकावाला बंदुकीच्या दुकानात गेलो. नुकादा-सान आमच्या गटाचे म्होरके. वय चौऱ्याहत्तर, पण चढावर मला मागे टाकतात. गटातल्या बाकीच्या दोघांचे गुडघे केव्हाच गेले.

निवड घाईत करून चालणार नव्हती. आधी बंदूक ठरवायची, मग पोलीस त्याच एका बंदुकीचा परवाना देतात. ती तुमची, बाकी कुठलीच नाही. दुसऱ्याच्या बंदुकीला हात लावला तर स्वतःचीही जाते.

दुकानदार ओदागिरींनी काउंटरवर तीन रायफली मांडल्या.

"ही बघा. तीन किलोसुद्धा नाही. बाईमाणसाच्या खांद्याला एकदम..."

"मी रोज चाळीस किलोचं वासरू उचलते," मी म्हटलं. "खांद्याची काळजी नका करू."

नुकादा-साननी दुसरी उचलली. जुनी, जड, लाकडी दस्ता झिजून गुळगुळीत झालेला. बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला.

"ही घे, योरिको. प्रत्येक गोळीला हातानं बोल्ट ओढायचा. बिघडायला हिच्यात काही नाहीच."

माझी नजर तिसरीवर होती. काळीभोर, नवीकोरी. चाप ओढत राहायचा, पाच गोळ्या सुटतात. बाकीचं सगळं ती आपलं आपण करते.

"मला ही हवी."

"का?"

"एका गोळीनं काय झालं ते बघितलंत ना!"

"एका गोळीनं नाही झालं," नुकादा-सान शांतपणे म्हणाले. "नव्वद पावलांनी झालं."

मला झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. ओदागिरी उगाच खोकले. मी पाच गोळ्यांचीच रायफल घेतली. परत आल्यावर गाडीतून उतरताना नुकादा-सान म्हणाले, "तेल कमी घाल तिला. थंडीत तेलाचा डिंक होतो." मी मान हलवली आणि रोज संध्याकाळी तिला तेलानं न्हाऊ घातलं. नवीन वस्तूचं कौतुक, दुसरं काय!

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नुकादा-साननी अस्वलाचं हिवाळी झोपेचं बीळ शोधून काढलं. उत्तर उतारावर एक ओक मुळासकट कोसळला होता, त्याच्या खाली. तोंडाशी बर्फाला पिवळसर डाग, आतल्या श्वासाचा. आणि आसपासच्या झाडांच्या सालींवर एकाच पंजाचे ओरखडे. उजव्याच. आठवड्या-दोन आठवड्यांत ते उपाशी आणि लंगडं बाहेर पडलं असतं, आणि खाली गावात अजून पाच घरं होती.

नगरपालिकेची परवानगी घेऊन आम्ही दोघं निघालो. बर्फ वरून इतका कडक झाला होता, की रुंद तळाचे जोडे न बुडता चालत होते. देवदारांची रांग संपली आणि उघड्या कड्यावर वारा सुरू झाला. गालाला सुया टोचाव्या तसा! दिवसभर चढून चार वाजता जंगलखात्याच्या झोपडीपाशी पोचलो. उणे अठरा. आत लोखंडी स्टोव्ह होता, लाकडं होती. तासाभरात अशी ऊब झाली, की मला घरची आठवण आली.

नुकादा-सान मात्र आत आले नाहीत. बाहेरच्या लाकडं ठेवायच्या खोपटात, कुडकुडत, रायफल मांडीवर घेऊन बसले.

"आत या की! या वयात न्यूमोनिया करून घ्यायचाय?"

"तू शेक. माझ्या म्हातारीला ऊब सोसत नाही."

"घरी बायकोलाही असंच थंडीत बसवता का?"

ते हसले. मीही हसले. म्हाताऱ्याचा हट्ट, असं समजून दार लावून घेतलं. परवाना देताना पोलिसानं मला तीन-तीनदा बजावलं होतं: बंदूक क्षणभरही नजरेआड करायची नाही. मी नियम पाळणारी बाई. रायफल आत आणली, स्टोव्हशेजारी भिंतीला टेकवली. तिच्यावर दव धरलं, ते फडक्यानं पुसलं आणि वर पुन्हा तेलाचा हात फिरवला. आतल्या भागात धरलेलं पाणी मला दिसलं नाही. शोधलंही नाही.

सकाळी उजाडताच निघालो. तासभर चाललो. ओकपासून तीस पावलांवर नुकादा-सान गुडघ्यावर बसले आणि माझ्या रायफलीकडे बघून त्यांचा चेहरा बदलला. काळ्या नळीवर बारीक बर्फ साचला होता.

"रात्री कुठे ठेवली होतीस?" ते पुटपुटले.

"आत. स्टोव्हजवळ."

"अगं बये! मागे फिर. हळूच. आपण उद्या..."

बिळाच्या तोंडावरचा बर्फ फुटला.

अस्वल बाहेर आलं. डोकं आधी, मग खांदे. डावा पंजा वाळल्या मुळासारखा लटकत होता. ते माझं काम होतं, मीच केलेलं. त्यानं आम्हाला बघितलं आणि धावलं. तीन पायांवर, तरी केवढ्या वेगात!

मी नेम धरला. छातीचा मध्य. चाप ओढला.

टक!

एवढंच. पुन्हा ओढला. काहीच नाही. आतलं पाणी रात्रीचं, आता गोठलेलं. पाच गोळ्या आत, आणि एकही बाहेर येईना!

"बाजूला हो!" नुकादा-सान माझ्यासमोर आले. गोळी सुटली. अस्वल हललं, पण थांबलं नाही. पुढच्याच क्षणी ते त्यांच्या अंगावर होतं. दोघं उतारावर घसरत गेले. बर्फ लाल झाला. म्हाताऱ्याची किंकाळी मी आजही विसरलेले नाही.

त्यांची रायफल सटकून माझ्या पायाशी आली होती.

ती त्यांच्या नावावर होती. हा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू? आला आणि गेला. मी ती उचलली. बोल्ट ओढला, ढकलला. धावले. पडले. पुन्हा धावले. या वेळी अंतर मोजायचं कारणच नव्हतं. नळी अस्वलाच्या कानामागे टेकवली आणि चाप ओढला.

ते तिथेच कोसळलं. त्याच्या खालून नुकादा-सानना ओढून काढायला मला किती वेळ लागला, देव जाणे. डोक्याची कातडी सोललेली, उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. पण श्वास चालू होता!

कातडं, मांस, औषधासाठी सोन्याच्या भावानं जाणारं पित्त, सगळं तिथेच टाकलं. ताडपत्रीवर त्यांना बांधलं आणि ओढत निघाले. सहा तास. दोनदा वाटलं, गेले. दोनदा शिव्या देऊन जागं केलं. दुपारी त्यांनी स्वतःहून डोळे उघडले.

"ऐक. दोन्ही गोळ्या मी झाडल्या. पोलिसांना तसं सांग. तुझा परवाना वाचेल."

"तुमचा हात लोंबतोय, नुकादा-सान."

"आधी झाडल्या. मग लोंबला."

"गप्प बसा. रक्त जातंय."

पोलिसांना मी जे घडलं तेच सांगितलं. नोव्हेंबरात एकदा स्वतःला फसवून गोळी झाडली होती, आता पुन्हा फसवाफसवी नको होती. त्यांनी आठ पानं लिहून घेतली आणि दोन्ही रायफली ताब्यात घेतल्या. महिन्याभरानं निकाल दिला: माणसाचा जीव वाचवण्यासाठी झाडली, गुन्हा नाही. माझी रायफल परत मिळाली. नुकादा-सान जगले, पण उजवा हात काढावा लागला. मी इस्पितळात त्यांच्यासमोर बसून रडले, तर ते म्हणाले, "आता मला डाव्या हातानं भात खायला शिकव, तेवढं पुरे." ते बोलल्यावर तर मला आणखीच लाज वाटली. घरी येऊन परवाना परत करायचा अर्ज लिहिला आणि नुकादा-सानना फोनवर तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गायींची धार काढत होते. गोठ्याच्या दारात मात्सुझो-सान उभे होते. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

"परवाना परत करतेयस म्हणे."

"हो."

"का?"

"तुम्ही विचारताय?"

त्यांनी टोपी काढली. पाच महिन्यांत केस पार पांढरे झाले होते.

"कियो गेली ती तुझ्यामुळे. हे मी मरेपर्यंत म्हणणार."

"म्हणा. मीही तेच म्हणते."

"अस्वल मारलंस म्हणून आभार मानायला आलेलो नाही."

"माहीत आहे."

ते टोपी झटकत म्हणाले, "काल कोठारामागे ठसे दिसले. मादी असावी, बरोबर पिल्लू. नुकादाला हात नाही. बाकी दोघांना घराबाहेर पडवत नाही. तूही बंदूक सोडलीस, तर मी हाक कुणाला मारायची?"

कासेवरचे हात तसेच राहिले.

"रडू नकोस," ते चिडून म्हणाले. "चल आणि बघ. जवळ जाऊन, नीट. मारायलाच हवंय का, ते आधी बघ. पिल्लू लहान आहे."

धार अर्धीच टाकून मी हात धुतले, कपाटातून रायफल काढली आणि त्यांच्या गाडीत बसले.