नेसरीकरबाईंचा गळा

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता भागीरथीबाई नेसरीकरांचा गळा चहाच्या ट्रेशेजारी ठेवला होता. बाईंना जाऊन ऐंशी वर्षं झाली होती. गळा मात्र काल दुपारीच छापून निघाला होता. फिकट गुलाबी, रबरासारखा मऊ, वीतभरही नाही. त्याच्या बाजूला आणखी एक गळा होता, हुबेहूब तसाच, पण बोटभर तोकडा. मिरजेच्या तबकडी मंडळाचे पाच सभासद दोन्हींपासून जरा अंतर राखूनच बसले होते. कुणीतरी बिस्किटांची बशी हळूच दुसऱ्या टोकाला सरकवली.

शाल्मली पुजारी उभीच होती. तिला बसवत नव्हतं. कुपवाडच्या कारखान्यात ती जुन्या ध्वनिमुद्रिकांवर ‘संस्कार’ करायची. म्हणजे जुना आवाज स्वच्छ करायचा, खर्जाचा आणि तार सुरांचा तोल सांभाळायचा आणि नव्या तबकडीचा साचा कापण्याआधी शेवटचा हात फिरवायचा. घरोघरी पुन्हा तबकड्या फिरायला लागल्यापासून या कामाला बरे दिवस आले होते आणि संग्राहकांना भलताच भाव. मंडळानं नाक मुरडलं की ती आवृत्ती गोदामात धूळ खात पडते, हे कारखान्यात पहारेकऱ्यालाही ठाऊक होतं.

चाचणीची तबकडी नुकतीच वाजून थांबली होती. नेसरीकरबाईंचा भूप.

“बाई पेंगतायत,” डॉक्टर अथणे म्हणाले. अकरा हजार तबकड्यांचे धनी, मंडळाचे अध्यक्ष, जन्मभर गुरांचे डॉक्टर. “तान कुठं गेली? पिवळ्या लेबलच्या आवृत्तीत ती अंगावर येती. हे काय, आवाज जाडा, चाल मंद. तुझा संस्कार फसला, बाळ.”

बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. पिवळं लेबल म्हणजे याच भूपाची पासष्ट वर्षांपूर्वीची आवृत्ती. बाईंनी सगळ्या आयुष्यात याच एका मुद्रिकेत काळी पाचची चढी पट्टी घेतली, म्हणून तिचं मोल. ती ज्याच्या कपाटात, त्याची कॉलर ताठ.

“काका, संस्कार मी कसलाच केलेला नाही. फक्त वेग बदलला,” शाल्मली म्हणाली आणि मोठा गळा हातात घेतला. “कंठछाप तुम्हाला माहीत आहे.”

कंठछाप सगळ्यांनाच माहीत होती. आवाज ऐकून तो ज्या पोकळीतून आला तिचा आकार काढणारं ते यंत्र. दवाखान्याला फोन करून चार वाक्यं बोललं की घशातली सूज डॉक्टरांना दिसायची. मेलेल्या माणसांच्या आवाजावर ते चालवून बघण्याची कल्पना तेवढी शाल्मलीची.

“बाईंच्या अठरा मुद्रिका मी यंत्राला ऐकवल्या. सतरांमधून हा गळा निघाला. एकट्या भूपातून हा लहान. हा बारा वर्षांच्या मुलीचा गळा आहे, काका. भूप गायल्या तेव्हा बाई चाळिशीच्या होत्या.”

“सर्दी झाली असेल,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

“सर्दीनं गळा बसतो, आखूड होत नाही,” अथणे खेकसले. गुरांचे का होईना, डॉक्टर होते.

“तेच म्हणते मी. सूर कितीही चढवा, गळ्याची लांबी तेवढीच राहते. तबकडी वाजवीपेक्षा जोरात फिरवली तरच ती आखडते. मुद्रण करायला आलेल्या कंपनीचं यंत्र त्या दिवशी मिनिटाला सत्तर फेरे घेत होतं. आपण सगळे ती अठ्ठ्याहत्तरनं वाजवत आलो. पिवळ्या लेबलवाल्यांनीही तसंच उतरवून घेतलं. बाई काळी पाचला कधी गायल्याच नाहीत. नेहमीसारख्या काळी चारलाच गायल्या.”

मग मत घेतलं गेलं. जुन्याच वेगाची आवृत्ती काढावी यासाठी पाच हात वर झाले. अथण्यांचा हात सगळ्यांत शेवटी गेला.

बाकीचे गेले तरी ते उठले नाहीत. लहान गळ्याकडे बघत राहिले.

“शैलाला ऐकवलंस हे?”

“अजून नाही.”

“नको ऐकवू.”

शैला म्हणजे शाल्मलीची आत्या. अठराव्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिली आली तेव्हा अख्खी मिरज म्हणाली होती, ही दुसरी नेसरीकरबाई. पिवळ्या लेबलची तबकडी लावून तिनं तो भूप सुरासुरानं गिरवला, त्याच पट्टीत, त्याच वेगात. तेविसाव्या वर्षी आवाज बसला तो बसलाच. शस्त्रक्रिया झाली, उपयोग शून्य. मग पोस्टात नोकरी. गाण्याचा विषय निघाला की ती एकच वाक्य बोलायची: “माझाच गळा कमी पडला.”

“ती तबकडी तिला मी दिली होती,” अथणे म्हणाले. “ती म्हणाली होती, ही पट्टी झेपत नाही, मी काळी चारला गाते. मी म्हटलं, मग तो बाईंचा भूप नव्हे, नुसती नक्कल. बावीस वर्षांचा होतो. रेकॉर्डी जमवायच्या म्हणजे गाणं कळतं असं वाटायचं.” त्यांनी डोळे पुसले. “आता सांगून काय मिळणार तिला?”

साचा मंगळवारी कापायचा होता. जुनाच वेग ठेवला तर मंडळ खूश, कारखाना खूश आणि आत्याला मरेपर्यंत काही कळणार नव्हतं. पण दोन्ही गळे आणि चाचणीची तबकडी पिशवीत घालून गाडीत बसली तेव्हा तिला स्वतःचाच संताप आला. आत्या त्या वाक्याच्या ओझ्याखाली पन्नास वर्षं वाकली होती, आणि ते उतरवायचं की नाही हे ठरवणारी ही कोण? तिनं गाडी आत्याच्या घराकडे वळवली.

आत्या शेंगा सोलत बसली होती. वरच्या मजल्यावरची मुलगी रियाज करत होती, तिच्या शिकवणीच्या यंत्रपेटीतल्या गुरूबरोबर. आता सगळीच मुलं अशी शिकत. गुरू तान घेई, मुलगी मागोमाग घेई, निम्म्यात तिचा श्वास तुटे. गुरू न चिडता पुन्हा तीच तान घेई.

शाल्मलीनं सगळं सांगितलं. अथण्यांचंही. मग तबकडी लावली.

आत्यानं ती डोळे उघडे ठेवून ऐकली. “परत लाव,” म्हणाली. दुसऱ्यांदा ऐकताना तिनं लहान गळा उचलला आणि स्वतःच्या मानेला लावून बघितला.

“एवढासा?” तिचा घोगरा आवाज चिरकला. “एवढ्याशा गळ्याशी माझी बरोबरी? रोज पहाटे उठून स्वतःला शिव्या घातल्या गं मी. बाईंना जमतं, तुला का जमत नाही? आणि बाईंना तरी कुठं जमत होतं!” तिला भयंकर राग आला होता. शेंगांचं सूप कलंडलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

“डॉक्टरकाकांना काय सांगू?”

“त्याला म्हणावं, ये आणि माझ्या शेजारी बसून ऐक. तो म्हणाला खरा, पण रक्त येईतो गायले ती मी.” सांडलेल्या शेंगा सुपात भरता भरता ती म्हणाली, “सावकाशच काढ तू. खपो न खपो. आणि कव्हरवर कारण लिही, ठळक अक्षरांत.”

वर मुलीचा श्वास पुन्हा तुटला. ती खोकली. पेटीतल्या गुरूनं तान पुन्हा सुरू केली. आत्यानं मान वर केली.

“तो कोण गातो गं?”

“कुणी नाही. यंत्रानं तयार केलेला आवाज आहे.”

“त्याचा गळा बघ की.”

शाल्मलीनं फोनवरची कंठछाप सुरू केली आणि तो खिडकीबाहेर धरला. एरवी अर्ध्या मिनिटात उत्तर यायचं. यावेळी कंठछाप बराच वेळ चाचपडत राहिली. शेवटी पडद्यावर दोन ओळी आल्या: लांबी जुळत नाही. श्वासाची जागा सापडत नाही.

“म्हणजे?”

“म्हणजे असा गळा माणसाला असूच शकत नाही.”

आत्या उठली. दोन्ही गळे तिनं ओच्यात घेतले आणि पायांत चपला सरकवल्या.

“आत्या, थांब. ती पोरगी यंदा स्पर्धेत पहिली आली आहे. तिची आई काय म्हणेल?”

“मीही पहिलीच आले होते,” आत्या म्हणाली आणि जिना चढू लागली.

शाल्मली तिच्यामागे धावली. वर बेल वाजली, पण तान थांबली नाही. दार आता उघडणार होतं. पोस्टातून निवृत्त झालेल्या, आवाज बसलेल्या बाईचं खरं मानायचं, की कधीच न दमणाऱ्या गुरूचं, हे त्या घरात कोण ठरवणार होतं?