दिसत नाही म्हणून विचारतो

बोरी अरबच्या बाजारात माझी स्कूटी बंद पडली, आणि सकाळपासून मला ताटकळत ठेवणारा मेकॅनिक हसून म्हणाला, "बसा ना, चहा सांगू?"

मी डोळे वटारले. आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा माझ्या या नजरेला वचकून असतात. याच्यावर मात्र... काहीच नाही!

"माझा राग दिसत नाही का तुम्हाले?"

"राग आला का?" त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "खरंच नाही दिसत. दारव्हा रोडवर गाडीवरून पडलो, डोक्याले मार लागला. तवापासून हसनं तेवढं ओळखू येते. राग, भेव, दुख... चेहरा दिसते, पण त्यातलं काही समजत नाही. डॉक्टर म्हनते, मेंदूतली तेवढी जागाच दुखावली."

मी थक्क झाले. एवढीशी जागा, आणि ती गेली की साऱ्या जगाचा राग दिसेनासा होतो?

त्या दिवसापासून माझी स्कूटी फार बिघडू लागली! तो मेकॅनिक, जीशान, दरवेळी विचारायचा, "आज कशी आहेस, जेबा? सांग, मले दिसत नाही." मग मला आत डोकावून शब्द शोधावे लागायचे, आणि आपल्या मनात एवढं काही असतं याचंच मला नवल वाटायचं. तिरकं पाहणं, पापण्या झुकवणं... ते सगळं मात्र पार वाया!

कापूस घरी आला तेव्हा जीशानची अम्मी, हुस्नाबी, रिश्ता घेऊन आली. सोबत तोही होता. आमच्याकडे मुलीनं सरबत द्यायचं, मान खाली घालून, एक शब्द न बोलता. तिचा होकार की नकार, ते मोठी माणसं तिच्या चेहऱ्यावरून ओळखतात. मी ट्रे ठेवला... आणि मला रडूच कोसळलं. जे इतकं हवं होतं ते समोर खुर्चीवर बसलं होतं!

अब्बू उठले. "माफ करा, हुस्नाबी. पोरीच्या मनात नाही. बापाले दिसते."

हुस्नाबी मान हलवून उठल्या. सगळे माझा चेहरा पाहत होते आणि सगळेच चुकत होते.

जीशान तेवढा बसून राहिला. "चाचा, मले दिसत नाही, म्हणून विचारतो." तो माझ्याकडे वळला. "जेबा, काहून रडून राह्यली? मी... नको असन तर तसं सांग. आत्ता उठतो."

अशा बैठकीत मुलगी बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. तरी बोलले.

"खुशीनं रडून राह्यली. मले तुम्हीच पायजे!"

अब्बू मटकन खाली बसले. "मग आधी बोलली काहून नाही, बेटा?"

"आधी कोणी विचारलंच नाही, अब्बू."

अब्बूंनी स्वतःच्या हातानं सरबताचा गिलास उचलून जीशानला दिला.