भावकीची लस

विज्ञान एक दिवस तुझ्या पोटावर पाय आणणार, असं मगदूम गल्लीतल्या न्हाव्याला कुणी सांगितलं असतं, तर तो हसला असता. पण झालं तसंच. गेली तीन वर्षं मगदूम भावकीतला माणूस चार महिन्यांतून एकदा त्याच्या खुर्चीत बसतो. केसच वाढत नाहीत. बोट कापलं तर महिनाभर पट्टी सुटत नाही.

कारण लगाम. पेशींना ‘पुरे आता, थांबा’ म्हणून दटावणारं एक जनुक प्रत्येकाच्या अंगात असतंच. मगदुमांच्या रक्तात ते पिढ्यान्‌पिढ्या दुबळं. चाळिशी आली की आतड्यात गाठ, आणि पितृपक्षात एक पान जास्तीचं. मग तीन वर्षांपूर्वी ते जनुक बळकट करणारी लस निघाली, तिलाच लोक लगाम म्हणू लागले. देवीच्या जागराला सगळे जमतात तेव्हाच टोचून घ्यायची, असं भावकीनं ठरवलं.

यादी संग्राम मगदूमनं केली. शहाण्यानं रीतीप्रमाणंच केली. पुरुष, सुना, नातवंडं. सुनांचं रक्त वेगळं, त्यांना गरज नव्हती; पण सून म्हणजे भावकी, तिला वगळून कसं चालेल? दिलेली लेक मात्र भावकीत धरत नाहीत. त्याची धाकटी बहीण सारिका फोनवर म्हणाली होती, “दादा, माझंही नाव घाल की.”

“अगं, तुझं तुझ्या सासरचे बघतील,” तो म्हणाला होता. ते कशाला बघतील? त्यांच्यात गाठ होते कुणाला?

या मार्चात संग्रामच्या बारा वर्षांच्या आर्वीला कावीळ झाली. एवढ्याशा काविळीनं पोरगी तीन आठवड्यांत मिरजेच्या दवाखान्यात बेशुद्धीच्या काठावर आली.

“यकृत मोठं चिवट असतं,” डॉक्टर तहसीन मुजावर म्हणाल्या. “निम्मं गेलं तरी पुन्हा वाढतं. पण आर्वीच्या पेशींना वाढू कोण देतंय? लगाम आहे ना.”

“मग काढा तो.”

“काढता येत नाही, संग्रामराव. कुणाच्या तरी यकृताचा तुकडा बसवावा लागेल.”

“माझा घ्या.”

“तुमच्यालाही लगामच. तिच्यात तो वाढायचा नाही, आणि उरलेला तुमच्यात वाढायचा नाही.” त्या संग्रामच्या बायकोकडं वळल्या. “पौर्णिमाताई, तुमच्या माहेरी तर हा आजार नाही. तुम्ही कशाला टोचून घेतलीत?”

पौर्णिमानं नवऱ्याकडं नुसतं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

पौर्णिमाच्या माहेरच्या कुणाचाच रक्तगट जुळला नाही. मगदुमांच्या रक्ताची, लस न घेतलेली एकच व्यक्ती होती. संग्रामचं फोनवरचं वाक्य पुरं व्हायच्या आत सारिका निघाली. आल्यावर तिनं एखादा टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती आर्वीचा हात धरून म्हणाली, “आत्याचा तुकडा बसला की कारलंसुद्धा मिटक्या मारत खाशील बघ.” पोरगी किंचित हसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भावा-बहिणीला आत बोलावलं. तपासणीचं चित्र पुढं ठेवलं. सारिकाच्या आतड्यात गाठ होती आणि ती यकृतात उतरली होती.

“मला तर काहीच होत नव्हतं,” सारिका हळूच म्हणाली.

“तिला आत्ता लस द्या,” संग्राम म्हणाला.

“घोडं उधळल्यावर लगाम घालता येत नाही हो.”

संग्रामला स्वतःची किळस आली. चित्र बघताना त्याच्या मनात पहिल्यांदा बहीण आलीच नव्हती. आला होता तो तुकडा.

“यातला चांगला भाग नाही का निघणार?” सारिकानं विचारलं.

“दिसायला एक बाजू स्वच्छ आहे. पण आत चोरट्या पेशी असल्या तर आर्वीचा लगाम त्यांना आवरणार नाही. त्या तुमच्या पेशी. आणि या ऑपरेशननंतर तुम्ही किती दिवस काढाल, सांगवत नाही. मी ‘करा’ म्हणणार नाही. दोघांच्या सह्या असतील तर समितीपुढं ठेवीन, एवढंच.”

“आणि नाही केलं तर पोरीला?” सारिका म्हणाली.

“आठवडा. फार तर दहा दिवस.”

काचेपलीकडं पौर्णिमा पदराचं टोक पिळत उभी होती. हो म्हणावं तर बहिणीचा जीव, नाही म्हणावं तर लेकीचा. आणि दोन्हीकडं हात संग्रामचाच.

सारिकानं खुर्ची त्याच्याकडं वळवली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“मी सही करते, दादा. पण तिचा बाप तू आहेस. सांग, देऊ का?”