काचेवरची टकटक

बाळ झोपलंय तोवर भराभर लिहून काढते. उठलं की झालं!

हे ऐकीव नाही, माझ्यासोबत घडलंय. आणि रात्रीबित्री नाही, भर दुपारी. मागच्या महिन्यातल्या एका गुरुवारी.

मी फेलोशिपवर एका प्रयोगशाळेत संशोधन करते. काही बियांमध्ये प्रथिनांचं विष असतं. ते अन्नात कणभर असलं तरी पकडता यावं, अशी चाचणी आम्ही तयार करतोय. आम्ही हाताळतो त्या विषावर उतारा नाही.

म्हणून आतल्या खोलीत एकटीनं काम करायचं नाही, असा नियम आहे. एक आत, दुसरी काचेबाहेर खुर्चीवर. दार घट्ट बंद, वर हवा खेचणाऱ्या पंख्याची घरघर. बोललेलं काही ऐकू येत नाही. त्यामुळे आतलीची चूक दिसली की बाहेरचीनं काच वाजवायची.

टक टक.

की आतलीनं हात जागच्या जागी थांबवायचे.

माझ्या सीनियरला काच वाजवायची भारी हौस. आम्ही तिला 'सासूबाई' म्हणतो.

"खऱ्या सासूनं तरी एवढं डोकं खाल्लं असेल का गं तुझं?" ती हसून विचारायची.

"त्या लांब राहतात, म्हणून वाचलेय!"

त्या दुपारी सीनियर बाहेर खुर्चीवर होती आणि मी आत तपासणीच्या पट्ट्यांवर विषाचे थेंब सोडत होते.

आणि...

रडणं ऐकू आलं.

माझ्या बाळाचं.

आईला ते ओळखायला वेळ लागत नाही. भुकेचं रडणं होतं. लांबून नाही... माझ्या पायाशी.

बाळ तर घरी होतं, माझ्या आईजवळ!

डोक्याला कळत होतं. अंगाला कळत नव्हतं. पान्हा दाटून आला, आतले कपडे ओले झाले. हात आपसूक छातीकडे गेला...

टक टक.

हात थांबला. गाऊनच्या गळ्यापाशी, अगदी टेकता टेकता.

ग्लव्हजच्या बोटावर एक थेंब चमकत होता.

मनातल्या मनात सासूबाईचे पाय धरत मी वर पाहिलं.

खुर्ची रिकामी होती.

रडणंही थांबलं होतं.

ग्लव्हज टाकले, हात घासघासून धुतले, बाहेर आले. तेवढ्यात ती खोका घेऊन धापा टाकत आली.

"अगं, बाहेर का आलीस? खाली सामान आलं होतं, सही करायला पळाले. सरांना सांगू नकोस हं."

"मग काच कोणी वाजवली?"

तिनं काचेकडे पाहिलं. खोका तसाच हातात.

मग हळूच म्हणाली, "तुलाही?"

त्यापुढे एक शब्द नाही. पण त्या दिवसापासून ती त्या खुर्चीवर बसत नाही. उभीच राहते.

मी घरी फोन लावला.

"आई, बाळ रडलं का गं?"

"छे! दूध पिऊन झोपलंय ते अजून गाढ. तू तुझं काम कर बरं."

ठोकणारं जे कोणी होतं, त्यानं माझ्या लेकराला वाचवलं, असंच मी धरून चालले होते. रडणारं कोण होतं, हा विचार मुद्दामच केला नाही.

पण गेल्या आठवड्यात, घरी, बाळाला पाजायला घेतलं...

टक टक.

खिडकीच्या काचेवर. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. बाहेर गॅलरीही नाही.

बाळानंही तोंड सोडलं. खिडकीकडे बघत राहिलं.

मी हात तपासले. कपडे बदलले. अंघोळ केली. पुन्हा घेतलं.

टक टक.

नेमकं काय चुकतंय, ते ठोकणारं सांगत नाही. आई म्हणते, तुला झोप मिळत नाहीये, दुसरं काही नाही. असेलही. पण त्या दिवशी ते खरं निघालं होतं ना? मग आज मी दुर्लक्ष कसं करू?

टकटक थांबेपर्यंत मी पाजत नाही. बाटली उचलली तरी काच वाजते, म्हणून आईलाही देऊ देत नाही.

काल ती थांबलीच नाही.

बाळ रडून रडून झोपलंय... उपाशी.